राक्षसाची दाढ

"सर, आपल्या गोदावरीत पाणघोडे होते का?"

सुकेशनीनं विचारलं आणि मागच्या बाकावर हसू फुटलं. पैज तिच्या मैत्रिणीची, संस्कृतीची होती: विचारून दाखव, नाहीतर आठवडाभर तुझं लोणचं माझं. पण पुंडलिक सर हसले नाहीत.

"होते. हत्तीही होते. नदीच्या जुन्या वाळूत हाडं सापडलीत त्यांची. कोरड्या पात्रात हत्ती पायानं पाण्याचे झिरे उकरत असतील, त्यावर सगळं रान पाणी पीत असेल. गवतानं जनावर जगवलं आणि जनावराच्या शेणा-खुरांनी गवत राखलं."

"म्हंजी शेतात मेंढरं बसवल्यासारखं!" सुकेशनी बोलून गेली. तिच्या घरची मेंढरं खतासाठी लोकांच्या रानात रात्र-रात्र बसायची.

आणि तिला एकदम काहीतरी आठवलं. माय आजारी कोकराला जो दगड उगाळून पाजते, तो पन्हाळीदार, जडशीळ दगड! राक्षसाची दाढ म्हणायचे सगळे.

तिनं ते सांगितलं, तसे सर गंभीर झाले. "हत्तीची दाढ वाटते. सापडली कुठं?"

"नाथसागर आटलाय ना, तिथंच. अजून लई हाडं हायत खडीत."

"हात लावू नका. उद्या सकाळी जाणकारांना घेऊन येतो. हाड जागेवर असेल तरच बोलतं, उचललं की मुकं."

उद्या! पण तिचे वडील, अण्णा, तर तिथंच जेसीबीनं गाळ काढत होते.

सकाळची शाळा सुटली तशी, शिकायला राहायची त्या गारखेड्याच्या मामाकडं न जाता तिनं पैठणची एसटी धरली. धरणाच्या भेगाळल्या तळातून ती धावत पोचली तेव्हा जेसीबीचा दात खडीच्या उंचवट्यापासून हातभर लांब होता. ती सरळ त्याच्यापुढं उभी राहिली.

"मरायचंय का गं?" अण्णा केबिनमधून ओरडले.

"थांबवा आधी! हत्ती हाय तिथं!"

"उन्हानं डोकं फिरलं पोरीचं," मुकादम म्हणाला. "रामप्रसाद, मशीन चालव. नाय तर उद्यापासून दुसरा डायवर आणतो."

अण्णांचा हात दांड्यावर तसाच. पोरीकडं बघावं की मुकादमाकडं?

तेवढ्यात जवळच चारत असलेली मेंढरं घेऊन माय आली. कोकरांसाठी कायम सोबत बाळगायची ती दाढ तिच्या ओच्यात होती, एका अंगानं झिजून गुळगुळीत झालेली. सुकेशनीनं खडीतून डोकावणारा जबडा दाखवला. त्यात तसलीच दुसरी दाढ. मायनं आपली दाढ शेजारी धरून बघितली.

"आगं बया... ह्याचंच उगाळून पाजलं व्हय मी?"

"चला, हटा!" मुकादम खेकसला. मशीन गुरगुरलं.

सुकेशनीनं दोन बोटं तोंडात घालून शीळ घातली. मेंढरं उधळत आली, उंचवट्याभोवती दाटली, खडीवर चढली. म्होरकी मेंढी तर जबड्याला टेकूनच बसली. मग एकेक करून सगळाच कळप.

अण्णांनी चावी फिरवली. एकदम शांत झालं.

"अण्णा, माय, ऐका," ती धापा टाकत म्हणाली. "आजची रात मेंढरं हितंच बसणार. आन् सर येईस्तोवर मी बी उठणार नाय."