थेंबकाकांचा सूक्ष्मदर्शक

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, आणि मित्रांनो, आज मला अजिबात गप्प बसवत नाही!

माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यात झाला. तिथून मी गोरेगावच्या एका कॉलेजात आलो. शेकडो मुलांनी माझ्या नळीला डोळा लावला. कुणी कांद्याची साल पाहिली, कुणी स्वतःचीच पापणी पाहून घाबरलं. पुढे विजेवर चालणारे नवे सूक्ष्मदर्शक आले आणि आरशावर चालणारा मी अडगळीत गेलो. प्रयोगशाळेतले परिचर सहदेव निवृत्त झाले, त्या दिवशी त्यांनी प्राचार्यांना सांगितलं, "सर, शाल-नारळ नको. हा द्या मला."

असा मी त्यांच्या दोन खोल्यांच्या घरी आलो आणि माझं खरं आयुष्य सुरू झालं. कुंडीखालचं पाणी, गच्चीवरचं शेवाळं, जे मिळेल त्याचा थेंब ते काचपट्टीवर ठेवायचे. माझ्या नळीवर फोन टेकवून फोटो काढायचे आणि फोनवरच्या 'थेंबभर दुनिया' नावाच्या ग्रुपवर टाकायचे. खाली लिहायचे, 'आजची पाहुणी पॅरामेशियम. चपलेसारखी दिसते, पण देवळाबाहेर काढून ठेवायची गरज नाही.' तीनशे माणसं त्या ग्रुपवर होती. सगळे त्यांना थेंबकाका म्हणत.

एकदा घाटकोपरच्या निहारनं, बँकेत नोकरी करणाऱ्या एका नवख्या सभासदानं, एक गोल फोटो टाकून विचारलं, 'हे कुठल्या जीवाचं अंडं?' तो निव्वळ हवेचा बुडबुडा होता. लोक हसू लागले. काकांनी लिहिलं, 'मी तर पहिल्या बुडबुड्याचं बारसं केलं होतं. निहार, फोटो झकास आहे. पुढचा टाक.'

त्यांच्या पत्नीला, नलिनीकाकूंना मात्र मी डोळ्यांसमोर नको असे. "घाणीचं पाणी घरात आणतात!" त्या म्हणायच्या. काका हाक मारायचे, "अगं, ये, बघ जरा." काकू स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "आमटी उतू जाईल."

जानेवारीतल्या एका सकाळी काकांच्या छातीत कळ आली. हॉस्पिटलातून ते परत आलेच नाहीत. माझ्याखाली त्यांनी ठेवलेला थेंब तसाच होता. दुपारपर्यंत तो वाळून गेला. मला हात असते तर त्यावर पाणी घातलं असतं.

काकूंनी मला पेटीत बंद केलं. मुलीला, गंधालीला म्हणाल्या, "माळ्यावर टाक. नाहीतर देऊन टाक कुणाला. बघितलं की जीव जळतो."

अकराव्या दिवशी गंधालीनं बाबांचा फोन चार्जिंगला लावला. टुण टुण टुण! तो थांबेचना. ती मोठ्यानं वाचू लागली, "काका, गावी गेलात का?... थेंबकाका, बरे आहात ना?... काका, रागावलात का आमच्यावर?" शेवटी तिनं ग्रुपवर लिहिलं, 'मी गंधाली. बाबा गेले.'

लगेच फोन वाजला. गंधालीनं स्पीकर लावला. माळ्यावर पेटीत मला एक रडवेला आवाज ऐकू आला.

"गंधाली ना? मी यव्होन, वर्सोव्याची. शाळेत शिकवते. काकांना मी कधीच भेटले नाही गं, पण रोज भेटायचे. आम्ही येऊ का रविवारी?"

काकू कुजबुजल्या, "ओळख ना पाळख, कोण ही माणसं?"

"बाबांची माणसं, आई."

आणि रविवारी ती माणसं आली! दारात चपलांचा ढीग झाला. कुणाच्याच हातात फुलं नव्हती. प्रत्येकाच्या हातात आपापल्या जागचं पाणी होतं. मुरंब्याच्या बरणीत वर्सोव्याची खाडी, औषधाच्या बाटलीत बोरिवलीचं डबकं, निहारच्या बाटलीत तर मनीप्लांटसुद्धा! गंधालीनं मला माळ्यावरून काढलं तेव्हा सगळे माझ्यावर तुटूनच पडले.

"अरे, हाच तो!" निहार ओरडला. "ही रेघ बघा. काकांच्या प्रत्येक फोटोत डाव्या कोपऱ्यात असायची!"

माझ्या भिंगावरचा तो ओरखडा, मित्रांनो! जन्मभर मला त्याची लाज वाटली होती. त्या दिवशी लोक त्याच्यासाठी रांग लावून उभे होते.

खाडीच्या थेंबात कोळंबीच्या नात्यातला एक इवलासा जीव सुसाट पळाला. "पकड, पकड, गेला यार!" एकच गलका झाला. चहा घेऊन आलेल्या काकू दारातच थबकल्या. दुखवट्याच्या घरी आपण ओरडलो, हे सगळ्यांच्या लक्षात आलं.

यव्होन स्टुलावरून उठली. "काकू, बसा ना."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"आम्हाला तरी कुठे कळत होतं? काकांनी शिकवलं."

काकू बसल्या. निहारनं मनीप्लांटच्या बाटलीतला थेंब ठेवला. मी आरशात होता नव्हता तेवढा उजेड गोळा केला. काकू वाकल्या. देठावर डुलणाऱ्या काचेच्या घंटा त्यांना दिसल्या. एक झटकन आकसली आणि हळूच पुन्हा उमलली.

"अगो बाय!" काकूंच्या तोंडून माहेरची मालवणी निघाली. "ह्यां तर जितां आसा! माका वाटलां नुसती घाण आसतली."

माझ्या नळीवर एक गरम थेंब पडला.

"रोज बोलवायचे मला," त्या म्हणाल्या. "एकदा तरी यायला हवं होतं."

गंधालीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पण काकूंनी नळीवरून डोळा हलवला नाही. "कुणी टेबल हलवू नका रे! परत उघडतेय ती!"

सगळं घर रडता रडता हसायला लागलं.

मित्रांनो, मला मऊ कोरड्या कापडानं पुसा, माझ्या भिंगाला बोट लावू नका, एवढं तर मी सांगणारच. पण आणखी एक मागतो. तुमच्या घरातलं कुणी तासन् तास कशात तरी रमत असेल, तर एकदा त्याच्या शेजारी जाऊन बसा. कळलं नाही तरी चालेल. तो माणूस असतानाच बसा.

आता मला रजा द्या. बाल्कनीतून काकूंची हाक आली आहे, "गंधाली, फोन आण लवकर! कावळ्याच्या पाण्याच्या वाटीत काहीतरी भयंकर सापडलंय!"