ओढ आली, टिटवी गेली

मित्रांनो, मी एक जुनी, दोन दारांची, बुटकी मोटार आहे. घोडेगावात पोपटलाल शेटच्या कापडदुकानामागे पत्र्याच्या आडोशाला मी उभी असते. एकेकाळी मी लालभडक होते. आता माझ्या रंगाला काय म्हणावं, ते तुम्हीच येऊन ठरवा. नाकावरची कंपनीची पाटी केव्हाच गळून पडली, तेव्हा माझं मूळ नाव विचारू नका. माझं खरं नाव मला एका म्हातारीनं दिलं. गोष्ट तिचीच आहे, माझी त्यात थोडीशीच.

मला घडवलं ते वेगाच्या हौसेसाठी. इंजिन छोटं, पेट्रोलचं, पण चपळ म्हणजे किती! हळू चालवलं की मी खोकायची, रुसायची. पण रेस वाढवत नेली आणि काटा पार उजवीकडे गेला, की माझ्या पोटातून असा उंच, धारदार सूर निघायचा की शेतातली माणसं विळा थांबवून बघायची. ताकद म्हणाल तर बेताचीच. माझं जे काही होतं ते त्या सुरात होतं.

१९९२ साली पोपटलाल शेटनी मला पुण्याहून आणलं, तेव्हा अख्खी पेठ हसली. "शेट, हिच्यात कापडाचं एक गठुडं तरी मावंल का?" शेटच्या बायको प्यारीबाईंनी तर कपाळावर हात मारला. "दोन माणसं बसणार. मी काय मागनं पळत येऊ?" शेट नुसते मिशीत हसायचे. त्यांचं तळेघरला एक छोटं दुकान होतं. ते दर बुधवारी उघडायला शेट माझ्यातूनच जायचे, आणि चालवायला राघू.

राघू डिंभ्याच्या पुढच्या घाटातला. त्याचं घराणं पूर्वी मेंढरं राखणारं. वाडी रस्त्यापासून उंच टेपाडावर, आणि तिथं त्याची म्हातारी आई तुकाबाई आपल्या भावाजवळ, भिमाजीजवळ राहायची. डोळ्यांत मोतीबिंदू. उजेड आणि अंधार एवढंच तिला कळायचं. पण कान? मेंढरू कुठल्या झुडपाआड पाला खातंय ते ती बसल्या जागी सांगायची.

दर बुधवारी चढाच्या पहिल्या वळणावर राघू मला दुसऱ्या गिअरमध्ये टाकून खच्चून रेस करायचा. मी किंचाळत वर निघायची. तीन वळणं घेऊन आम्ही वाडीच्या पायवाटेशी पोचलो, की तुकाबाई काठी टेकत तिथं उभी असायचीच. हातात फडक्यात बांधलेली नाचणीची भाकर. आधी माझ्या बॉनेटवर हात फिरवायची, मग लेकाच्या तोंडावर.

"आली माझी टिटवी! आवाज ऐकला अन् निघाले बघ."

शेट एकदा म्हणाले, "तुकाबाई, टिटवी अशुभ म्हणतात. दुसरं नाव ठेवा की."

"कोण म्हणतं अशुभ? रातीला लांडगा आला तर पयली टिटवी वरडती. आमच्या मेंढरांची राखण तिनंच केली, शेट. ज्याला राखायचं न्हाई त्याला ती अशुभ."

तेव्हापासून मी टिटवी झाले. एवढं कौतुक मला पुण्याच्या मोठ्या रस्त्यावरही कुणी केलं नव्हतं. राघू मात्र हसण्यावारी न्यायचा. त्याला वाटायचं, आई सकाळपासूनच वाटेवर बसून राहत असेल.

वर्षं गेली. शेट थकले, दुकान त्यांचा मुलगा जिनेश बघू लागला. मुलगा वाईट नव्हता हो, कामाचा होता. त्यानं माझं मागचं टप काढून गठ्ठे ठेवायला जागा केली. पण गठ्ठे भरले की चढावर माझा दम उखडायचा. राघूला उतरून चाकाखाली दगड लावावा लागायचा.

मंचरच्या हौशीराम मिस्त्रीनं मला बघून मान हलवली. "जिनेशशेट, हिला ओढ न्हाई. नुसती वरडती. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा! डिझेल इंजिन बसवू. चढाला बैलावानी ओढंल."

म्हातारे शेट म्हणाले, "राघूला विचारा. चालवतो तो."

मला वाटलं, राघू नाही म्हणेल. आठ वर्षं त्याचा पाय माझ्या पेडलवर होता. राघूनं दगड लावून सोललेल्या हातांकडे बघितलं आणि म्हणाला, "बदला. लई छळती चढाला."

माझं काळीज साखळीला लटकवून बाहेर काढलं, मित्रांनो. डिंभ्याच्या भागूनं ते धरणाच्या काठावर पाणी उपसायला नेलं. माझ्या पोटात जाड, काळं, धडधडणारं डिझेल आलं. खोटं कशाला बोलू, ओढ आली! भरल्या गठ्ठ्यांनिशी मी घाट असा चढले की शेजारी बसलेल्या जिनेशनं डॅशबोर्डवर थाप मारली. पण माझा आवाज? रस्त्यावरच्या कुठल्याही जीपचा असतो, तसाच.

तो श्रावणातला बुधवार होता. घाटात असं धुकं, की स्वतःचे दिवे स्वतःला दिसेनात. पायवाटेशी तुकाबाई नव्हती. राघूनं एकदा हॉर्न वाजवला. वळणावर हॉर्न तर सगळेच वाजवतात.

"मामाबरूबर रानात गेली असंल," राघू म्हणाला.

"येताना भेट. चल, दुकान उघडायचंय," जिनेश म्हणाला.

दुपारी आम्ही परत फिरलो. धुकं आणखी दाटलेलं. राघूची नजर रस्त्याच्या पांढऱ्या कडेवर खिळलेली. पायवाटेशी आलो आणि मी तिला पाहिलं. इरल्याखाली ओलीचिंब, हातात फडकं. टिटवी कशी आली नाही म्हणून ती बघायला खाली उतरली होती. माझी धडधड ऐकून तिनं अंग चोरलं आणि दरडीला चिकटून उभी राहिली. कुणाची तरी जीप चालली, आपण बाजूला व्हावं, एवढंच तिला वाटलं. माझं चाक तिच्या काठीपासून हातभर अंतरावरून गेलं. धुक्यात राघूला ना पायवाट दिसली, ना ती. आणि मला तिला हाक मारता आली नाही. एकदा, फक्त एकदा जुन्या आवाजात ओरडता आलं असतं तर! पण तो आवाज डिंभ्याला पाणी उपसत होता.

ती दिवस मावळेपर्यंत तिथंच बसली. भिमाजीनं शोधून वर नेली, तेव्हा अंगात ताप फणफणला होता. एसटीच्या कंडक्टरकडून निरोप यायला दोन दिवस गेले. आम्ही धावलो. राघू पायवाटेनं पळत वर गेला, तो दुसऱ्या दिवशी सकाळी खाली आला. माझं दार उघडून सीटवर बसला आणि धाय मोकलून रडला. शेजारी म्हातारे शेट होते.

"शेट, उशाशी बसलो व्हतो. हात हातात व्हता. तरी तिचं कान रस्त्याकडंच. म्हणली, टिटवी तर आली न्हाई, मग तू कशानं आलास लेका? एवढा चालत आलास व्हय? अन् माझं पाय चेपाया लागली. मरताना, शेट, माझंच पाय!"

शेटनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "ती आवाजावर उतरायची रे. आपण दोघंही बहिरे."

दहाव्याला डिंभ्याला पाण्याच्या काठी पिंड ठेवला. कावळे समोरच्या झाडावर बसलेले, पण एकही शिवेना. भिमाजी म्हणाला, "तुका, मेंढरं इकणार न्हाई." कावळा हलेना. जिनेशनं हात जोडले, "आजी, राघूदादाला मी अंतर देणार नाही." छे! ऊन डोक्यावर आलं. माणसं कुजबुजू लागली.

राघू उठला. काठाकाठानं भागूच्या पंपाकडे गेला. आम्हाला काही कळेना. त्यानं भागूला बाजूला केलं, इंजिन चालू केलं आणि रेसची तार दोन्ही हातांनी पार शेवटपर्यंत खेचली.

धरणाच्या पाण्यावरून तो सूर आला. माझा सूर. उंच, धारदार, जसा पहिल्या वळणावर निघायचा तसा. मी रस्त्याच्या कडेला मुकी उभी होते, आणि माझाच आवाज लांबून ऐकत होते.

राघू ओरडत होता, "आये, आली गं टिटवी! आली बघ, उतर खाली!"

कावळा झाडावरून उतरला आणि पिंडाला शिवला.

मित्रांनो, त्यानंतर राघूनं मला कधी हात लावला नाही. तो आता एसटीनं जातो. जिनेशनं टेम्पो घेतला, आणि मी इथं आले. माझी कुणाबद्दल तक्रार नाही. चढ होता, ओझं होतं, ओढ हवीच होती. पण जुनी वस्तू बदलायला काढाल, तेव्हा नुसतं चालवणाऱ्याला विचारू नका. ती वस्तू लांबून ऐकत बसलेलं कुणीतरी असतं. टेपाड चढून जा आणि त्यालाही विचारा. मला हे तेव्हा सांगायचं होतं. पण तुकाबाई दरडीला चिकटून उभी होती, आणि मी धडधडत पुढे निघून गेले.