कापलेले सतरा सेकंद

वैजू, आधी तो फोन पालथा घाल अन् नुसतं ऐक. मधी बोलू नको. माझ्या रूमवर ती नवीन मुलगी आलीया न्हाय का, सृष्टी, माळशिरसची, कुणाशी बोलत न्हाय म्हणून आपण जिला शिष्ट म्हणत होतो? ती शिष्ट न्हाय गं. काल दुपारी गच्चीवर कपडे वाळत घालता घालता तिनं मला सगळं सांगितलं, एका दमात, अन् मी हातात ओला टॉवेल धरून तशीच उभी. तुला तसंच्या तसं सांगते.

तर ही बीकॉम झाली अन् सोलापुरात आली. सात रस्त्याजवळ एका कॉम्प्लेक्समध्ये पहिल्या मजल्यावर ऑफिस हाय, 'सिद्रामअप्पा उखळवाले', शेंगा चटणीवाले. चटणी कुटतात तिकडं भवानी पेठेत, मालकाच्या घरामागच्या शेडमध्ये. हितं ऑफिसात फक्त ऑर्डरी, लेबलं अन् सृष्टी. तिचं काम काय, तर चटणीचं इन्स्टाचं पेज सांभाळायचं. रील टाकायच्या, कमेंटला उत्तरं द्यायची. अन् उत्तरात कायम 'आम्ही'. आम्ही आपले आभारी आहोत, आम्ही लवकरच कळवतो. ह्या 'आम्ही'त माणसं किती, तर ही एकटी. पेजवर चाळीस हजार लोक, अन् दिवसभरात हिच्या तोंडातून शब्द निघायचे किती, तर कुरिअरवाल्याला "सही कुठं करू?" एवढेच. दुपारचा डबा पण लॅपटॉपसमोर. घरी तर तिनं 'कंप्युटरवर काम हाय' एवढंच सांगितलेलं.

मालक म्हणजे महेश्वर, सिद्रामअप्पांचा मुलगा. वाईट न्हाय माणूस, पण सदा घाईत. सृष्टीनं कुठं तरी ऑनलाइन ऐकलं होतं की धंद्याचं पेज चालवायचं तर आधीच ठरवून ठेवायचं, उद्या लोक अंगावर आले तर कोण बोलणार, काय बोलणार, बोलायच्या आधी कुणाला विचारणार. तिनं पानभर लिहून नेलं. महेश्वर हसला.

"अगं, शेंगा, लसूण, तिखट, जिरं, मीठ. ह्यात लोक अंगावर यायला काय हाय? आपण काय रॉकेट उडवतोय?"

झालं. कागद परत.

आता राजाबाई. शेडमधली सगळ्यात जुनी बाई. बावीस वर्षं उखळावर, महेश्वर शाळेत जात होता तेव्हापासून. सृष्टी दर सोमवारी शेडमध्ये शूटिंगला जायची, अन् ती मला म्हणली, मी अख्खा आठवडा त्या सोमवारची वाट बघायचे. कारण तितं गेलं की राजाबाई वरडायची, "आगं किती वाळलीस! मेसचं खातीस का वारं खातीस?" सोलापुरात हिला रागवणारं तेवढं एकच माणूस होतं.

त्या सोमवारी सृष्टीच्या डोक्यात रील होती. मावशी कुटतात, चिमूटभर चटणी तोंडात टाकतात, मान डोलवतात अन् परत उखळात हात घालतात. मागं गाणं. खल्लास.

राजाबाई म्हणली, "आगं येडे, उष्टं व्हतंय की ते!"

"खोटं खोटं, मावशी. नुसतं दाखवायचं."

"खोटं खोटं उष्टं कसं आसतंय? उष्टं ते उष्टं."

"घ्या की मावशी, माझ्यासाठी. लई गोड दिसताय."

बाकीच्या बायका हसायला लागल्या, "हिरॉइन झाली गं राजाक्का!" म्हणून. शेवटी म्हातारीनं बोट चाटलं, मान डोलावली अन् परत हात घातला. अन् मग काय केलं माहितीय? सरळ बसली, पदर नीट केला, कॅमेऱ्यात बघून म्हणली, "आता ह्यो घाणा इकायचा न्हाय बरं का. उष्टा झाला. ह्यो आमी बाया घरी न्हेऊन खाणार." अन् खरंच तो सगळा घाणा त्यांनी पिशव्यांत भरून वाटून घेतला. सृष्टीला पण एक पिशवी दिली.

ऑफिसात येऊन सृष्टीनं रील कापली. गाणं तेरा सेकंदांत संपत होतं. म्हातारी पदर नीट करते, कॅमेऱ्यात बघते, बोलते, ते सगळं मिळून सतरा सेकंद. सृष्टीनं ते कापले. का, तर गाणं संपल्यावर कोण बघतंय?

दोन दिवस लई भारी गेले. बदाम, आगीचे इमोजी, "आजीच्या हाताची चव". अन् गुरुवारी सकाळी खाण्यापिण्याचं कसलं तरी मोठं पेज हाय, त्यांनी ती रील उचलली, राजाबाईच्या बोटाभोवती लाल गोल काढला अन् वर लिहिलं, 'उष्टी चटणी खा, सोलापूरकर'.

मग जे सुटले लोक! "हीच का गावरान चव, थुंकीची?" "आधी म्हातारीला हात धुवायला शिकवा." एकानं लिहिलं, आम्ही दर गुरुवारी अक्कलकोटला जाताना नैवेद्याच्या भाकरीबरोबर हीच चटणी नेतो, आमचा नैवेद्य बाटवला तुम्ही. त्याला दोन हजार लाइक. कुणी तरी राजाबाईच्या तोंडाचा स्टिकर केला, बोट चाटतानाचा.

सृष्टी घाबरली अन् कमेंटी उडवायला लागली. ती उडवती तोपर्यंत लोकांनी स्क्रीनशॉट काढलेले, "बघा, लपवाय लागले!" मग तिनं एक उत्तर तयार केलं अन् सगळ्यांना तेच चिकटवत सुटली. एक बाई लिहिती, तुमची चटणी मी गटारात टाकली. खाली पेजचं उत्तर, "आपल्या प्रेमाबद्दल आम्ही आभारी आहोत." हसू नको, वैजू. मी पण हसले होते. तिचं तोंड बघून गप बसले.

त्याच दुपारी महेश्वर ऑफिसात आला. दोन्ही हातांत दोन फोन, दोन्ही वाजतायत. माल परत येत होता, पुण्याच्या दुकानदारानं तर खोकी न उघडताच पाठवली होती. तो खुर्चीत बसला अन् विचारलं, "सृष्टी, तू असतीस की दर सोमवारी तितं. ही बाई रोज असंच करती का गं?"

बघ, त्यानं सरळ विचारलं होतं. अन् सृष्टीला उत्तर माहीत होतं. न्हाय साहेब, मीच करायला लावलं, तो घाणा विकलाच न्हाय, पुढचं मीच कापलं. एवढंच म्हणायचं होतं. पण तिला दिसलं काय, तर हातातली बॅग घेऊन माळशिरसच्या एसटीत बसलेली आपणच, अन् दारात उभे वडील.

ती गप बसली. न्हाय म्हणली न्हाय, व्हय म्हणली न्हाय.  अन् महेश्वरनं त्या गप्प बसण्याचा अर्थ त्याला सुचला तो घेतला. "अय्यो," म्हणला, "बावीस वर्षं... अन् आमच्या अप्पांचं नाव त्या डब्यावर." डोकं धरून बसला.

संध्याकाळी आईचा फोन. "अगं, त्या चटणीचं बघितलंस का? तुझ्या सोलापूरचंच हाय म्हणं. तू खात न्हाईस न्हवं ती?"

"न्हाय गं," सृष्टी म्हणली.

"खाऊ नको बाई. कसल्या घाण बाया आसतात."

अन् हिच्या टेबलावर ती पिशवी. सोमवारपासून रोज तीच चटणी खात होती ती, भाकरीबरोबर.

शुक्रवार तसाच गेला. शनिवारी राजाबाईचा फोन आला. तिच्याकडं बटणाचा फोन, तिनं रील बघितलेलीच न्हाय. शेजारच्या पोरीनं दाखवली.

"पोरी, त्यात ते मी पुढचं बोललेले, ते न्हाय का आलं?"

"न्हाय मावशी. ते बसलं न्हाय."

"बसलं न्हाय म्हंजे?"

"म्हणजे... जागा नव्हती."

"येकच वाक्य हुतं की गं."

 राजाबाई चिडली न्हाय, रडली पण न्हाय. नुसतं सांगितलं, "आज शेजारी सत्यनारायण हुता. मी परसादाच्या शिऱ्याला चमचा लावाय गेले तर म्हणल्या, ऱ्हाऊ द्या मावशी, तुमी बसा. तीस वर्सं त्या घरचा शिरा मी ढवळतीया." अन् मग म्हणली, "मालकाला तू सांगितलंस न्हवं, कसं झालं ते?"

सृष्टी म्हणली, "सांगते."

"सांग बाई," म्हणली अन् ठेवला फोन.

रविवार. ऑफिस बंद असतंय, पण ही किल्ली घेऊन गेली, कारण तिच्या आधीच्या रूमवर एकटीला बसवेना. खाली सात रस्त्याची गर्दी, हॉर्न, उसाच्या रसाच्या गाड्याची घंटी, अन् वर ही एकटी. तीन वाजता महेश्वरनं लेटरहेडचा फोटो पाठवला. 'झाल्या प्रकाराबद्दल आम्ही दिलगीर आहोत. संबंधित महिला कामगारास कामावरून कमी करण्यात आले आहे.' खाली लिहिलेलं, 'चार वाजता टाक. मग शांत होतंय बघ सगळं.'

हिनं त्याला फोन लावला. उचलला न्हाय. परत लावला. एजंटाबरोबर बसलोय, असा मेसेज आला. मग तिनं फोनमधली नावं वर-खाली केली, कुणाला विचारावं म्हणून. कुरिअरवाला. मेसवाल्या काकू. घरमालक. कॉलेजच्या मैत्रिणी, ज्यांच्याशी वाढदिवसापलीकडं बोलणं न्हाय. अन् आई. आईला कुठून सुरुवात करणार? मला म्हणली, "चाळीस हजार लोक मला शिव्या देत होते, अन् मला एक माणूस सापडेना, ज्याला विचारता येईल." लई वेळ ती नावंच बघत बसली.

मग तिनं मूळ व्हिडिओ लावला, न कापलेला. पूर्ण तीस सेकंद अन् त्याच्याही आधीचं सगळं. त्यात राजाबाई म्हणते, उष्टं व्हतंय. त्यात हिचा स्वतःचा आवाज, लाडात, "घ्या की मावशी, माझ्यासाठी." तिनं तो तीनदा बघितला. म्हणली, दुसऱ्या वेळेला मला माझाच आवाज ओळखू येईना, कोण ही बाई एवढी गोड बोलतीया?

चार वाजले. तिनं महेश्वरचा कागद टाकला न्हाय. तो अख्खा व्हिडिओ टाकला, एक सेकंद न कापता, गाण्याशिवाय. अन् खाली पहिल्यांदाच 'आम्ही' सोडून लिहिलं, 'हे करायला राजामावशींना मी सांगितलं. तो घाणा विकला गेला नाही. त्या ते बोलल्या होत्या, ते मी कापलं. मालकांनी विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं नाही. सृष्टी, हे पेज सांभाळणारी.' अन् फोन उलटा ठेवून बसली.

मग पाच मिनिटांत वारं फिरलं. राजाबाई एकदम देवमाणूस! "असं प्रामाणिक माणूस आता कुठं राहिलंय?" लोकांनी तिच्या त्या वाक्याची परत रील केली, 'ह्यो घाणा इकायचा न्हाय बरं का'. लोक भवानी पेठेत जाऊन तिच्याबरोबर फोटो काढाय लागले. आठवड्याभरात ऑर्डरी अशा आल्या की शेडमध्ये दोन बायका वाढवल्या. अन् सगळ्या शिव्या सरकून हिच्यावर. "लाइकसाठी म्हातारीला विकली." "असल्या पोरींना घरी बसवा." कुणी तरी हिचं गाव पण शोधून काढलं. आईचा परत फोन आला, "तूच व्हय गं ती?" एवढंच विचारलं. मग वडिलांनी फोन घेतला अन् बंद केला.

महेश्वर सोमवारी आला. वाटलं हाकलतोय. त्यानं हाकललं न्हाय. म्हणला, "गुरुवारी बोलली असतीस तर गुरुवारीच मिटलं असतं. मी विचारलं होतं की तुला."  मग म्हणला, "मी पण तिला जाऊन विचारायला पाहिजे होतं. बावीस वर्षं तिच्या हातचं खाल्लंय, अन् विचारलं कुणाला, तर सहा महिन्यांपूर्वी आलेल्या पोरीला." उठला अन् पेजचा पासवर्ड बदलला. बास. पेज आता पुण्याची कुठली तरी एजन्सी चालवती. सृष्टी त्याच ऑफिसात, त्याच टेबलावर, डब्यांवर लेबलं चिकटवती. आता 'आम्ही' पण न्हाय.

अन् राजाबाई? ही तिच्या घरी गेली, शेळगीला. मनात काय असंल ते असंल, मला सांगितलं न्हाय, पण मला वाटतंय, मावशी वरडंल, वाळलीस म्हणंल, एवढी तरी आशा असंल. राजाबाईनं बस म्हणलं. चहा दिला. सत्यनारायणवाली शेजारीण पण तितंच बसलेली, "आमच्या राजाक्का" करत. ती गेल्यावर राजाबाई हळूच म्हणली, "शिनिवारी मी तुला इचारलं, मालकाला सांगितलंस का. तवा तू म्हणलीस, सांगते. म्हंजे तवर सांगितलंच नव्हतंस."

"व्हय, मावशी."

"मला लोकांचं न्हाय वाटलं गं. लोक काय, लोकच. तू वळखीची हुतीस."

चहा संपला. राजाबाईनं कप उचलून नेला अन् आतूनच म्हणली, "सावकाश जा. रिक्षा कोपऱ्याव मिळती." दारापर्यंत पण आली न्हाय.

आता सोमवार आला तरी सृष्टीला शेडमध्ये जायचं काम न्हाय. ती आपली लेबलं चिकटवती, सहाला कुलूप लावती, रूमवर येती, भिंतीकडं तोंड करून झोपती, अन् आपण तिला शिष्ट म्हणतो. काल शेवटी तिनं मला विचारलं, माझ्या जागी तू असतीस तर, अन् रात्रीपासून माझ्या डोक्यात तेच. रविवारचं सोड. रविवारी तर कुणी पण बोललं असतं, दुसरं काय हातात होतं? मी गुरुवारचं म्हणतीया. मालक समोर बसलाय, दोन फोन वाजतायत, नोकरी सहा महिन्यांची, घरी कुणाला काही माहीत न्हाय, सोलापुरात ओळखीचं कुणी न्हाय, अन् तो विचारतोय, ही बाई रोज असंच करती का गं?

खरं सांग, वैजू. तू काय केलं असतंस?