विरोधातली एक चिठ्ठी

विधानसभेचा निकाल लागून आठवडाही झाला नव्हता आणि पक्षाच्या कार्यालयात सगळे एकमेकांशी जरा जास्तच गोड बोलू लागले होते. जागा निम्म्याहून कमी झाल्या होत्या. जिन्यात कुणी भेटलं की लोक आधी मागे वळून बघायचे, मग बोलायचे.

अध्यक्षांना सगळे कॅप्टन म्हणत. तरुणपणी ते गोदी कामगारांच्या फुटबॉल संघाचे कप्तान होते. त्या संघातूनच पुढे कामगार संघटना आणि मग पक्ष उभा राहिला. त्यांची मुलगी दातांची डॉक्टर. सकाळी दवाखाना, दुपारनंतर पक्षाची कार्यकारिणी. जावई वकील आणि पक्षाचा प्रवक्ता. या दोघांखेरीज कॅप्टनचा भरवसा होता तो संघटकावर. तो जुना गोलकीपर. त्याला विचारल्याशिवाय कार्यालयातला पंखासुद्धा फिरत नाही, अशी त्याची ख्याती.

बैठकीत कॅप्टननी स्वतःच राजीनामा पुढे केला. "पराभव माझा आहे. मला ठेवायचं की नाही, तुम्ही ठरवा. चिठ्ठ्या टाका, म्हणजे कुणाला तोंडदेखलं बोलायला नको."

चिठ्ठ्या टाकण्याआधी चहा झाला. डॉक्टर कप विसळायला मागच्या मोरीत गेली. खिडकीपलीकडे, जिन्यात, संघटक कुणाला तरी सांगत होता, "घाई कशाला? शहराची निवडणूक तोंडावर आलीये. तीही जाणारच. तीही म्हाताऱ्याच्याच नावावर जाऊ दे. मग नव्या माणसाची पाटी कोरी."

"नवा माणूस म्हणजे तुम्हीच ना?" दुसऱ्यानं विचारलं. दोघंही हसले.

ती परत आली तेव्हा टेबलाभोवतीचे सगळे चेहरे तिला वेगळे दिसू लागले. कुणी कॅप्टनच्या खांद्यावर हात ठेवला होता, कुणी त्यांच्यापुढे बिस्किटं सरकवत होतं. यातले किती जण त्या जिन्यातले? नवरा गॅलरीत फोनवर बोलत होता. तिला बघताच त्यानं आवाज खाली आणला. बाबांच्या माथी आणखी एक पराभव नको म्हणून तिनं चिठ्ठी घेतली आणि लिहिलं, 'नको.'

एक सोडून सगळ्या चिठ्ठ्या 'राहावेत' अशा निघाल्या. टाळ्या वाजल्या. कॅप्टन हसले, पण त्यांची नजर टेबलाभोवती एकेकाच्या तोंडावरून फिरत राहिली.

त्या दिवसापासून त्यांनी एकच धोसरा लावला. तो एक कोण? लेकीकडे जेवायला आले तेव्हा जावई हात धुवायला उठल्याबरोबर त्यांनी विचारलं, "हे सारखे गॅलरीत जाऊन कुणाशी बोलतात?"

"पक्षकारांशी, बाबा."

"घरात रेंज येत नाही का?"

संघटकानं त्यात तेल ओतलं. बाहेरच्याची एवढी हिंमत नाही, कॅप्टन, तो म्हणाला, बघा घरचंच कुणी असेल. लगेच वकिलाचं प्रवक्तेपद काढून दुसऱ्याला दिलं गेलं. त्याला ते टीव्हीवरूनच कळलं.

"मी 'राहावेत' लिहिलं होतं," तो घरी येऊन बायकोला म्हणाला. "तुला तरी पटतंय ना?"

"पटतंय. कारण ती चिठ्ठी माझी होती."

तिनं जिन्यातलं बोलणं सांगितलं. त्यानं काळा कोट काढून खुंटीला टांगला. मग म्हणाला, "मला आधी सांगायला काय झालं होतं?"

"तूही त्यांच्यातलाच असशील, असं वाटलं मला."

तो उठला आणि आतल्या खोलीत गेला.

दुसऱ्या दिवशी कॅप्टन दाढ दाखवायला दवाखान्यात आले. तोंड उघडं, तोंडात आरसा, बोलायची सोय नाही. ती संधी साधून तिनं सगळं सांगितलं. त्यांनी चूळ भरली, रुमालानं तोंड पुसलं.

"नवऱ्याला वाचवायला इतकं खोटं बोलशील, असं वाटलं नव्हतं मला."

"आणि संघटकाचं?"

"त्याच्यावर चिखल उडवायचा तेवढा राहिला होता. तोही उडवलास."

दाढ अर्धवट सोडून ते निघून गेले.

म्हणून पुढच्या बैठकीत ती उभी राहिली. विरोधातली चिठ्ठी आपली होती, असं तिनं सगळ्यांसमोर सांगितलं आणि पुन्हा मतदान मागितलं, या वेळी हात वर करून. एकमेकांकडे न बघता सगळ्यांनी 'राहावेत' म्हणून हात वर केले. संघटकाचा सगळ्यात उंच, नवऱ्याचाही सरळ वर. तिचा तेवढा टेबलावर.

"कारण?" कॅप्टननी विचारलं.

"टेकडीवरच्या वस्तीत लोकांनी तुम्हाला बंद झालेल्या बसबद्दल तीनदा विचारलं, बाबा. तुम्ही तिन्ही वेळा गोदीतल्या जुन्या संपाची गोष्ट सांगितलीत. तिथं आपलं डिपॉझिट गेलं. हे तुम्हाला इथलं कुणी सांगणार नाही, कारण तुम्ही पुन्हा हरलात तरी यांची सोयच आहे."

कॅप्टन संघटकाकडे वळले.

"शहराची निवडणूक तू लढवायची. आजच जाहीर करू. जिंकलास तर तुझी, हरलास तरी तुझीच."

"मी कसा, कॅप्टन? तुमचं नाव पाहिजे तिथं. मी आपला मागे राहून..."

"का? जिंकायची खात्री नाही?"

संघटक पाण्याचा ग्लास शोधू लागला. ग्लास त्याच्या समोरच होता. कॅप्टननी त्याच्याकडे एवढा वेळ बघितलं की बाकीच्यांनी माना खाली घातल्या. मग त्यांनी बैठक संपवली.

अध्यक्ष तेच राहिले. वकिलाला पद परत देऊ केलं, त्यानं विचार करून सांगतो म्हटलं. संघटक तब्येतीचं कारण सांगून यायचा बंद झाला.

त्यानंतर एका सकाळी कॅप्टन लेकीला घेऊन टेकडीवरच्या वस्तीत गेले. बायका बसबद्दल बोलत होत्या आणि ते ऐकत उभे होते. संपाचं नाव काढलं नाही. परतताना मात्र ड्रायव्हरशेजारी पुढच्या सीटवर बसले आणि तिच्याशी एक अक्षर बोलले नाहीत. दवाखान्यापाशी गाडी थांबली तेव्हा मागे न बघता म्हणाले, "उद्या परत जायचंय. तूही ये. आणि यापुढे रोज."

ती हो म्हणाली. बाबांना आपली सोबत हवी आहे की आपल्यावर नजर ठेवायची आहे, हे काही तिला कळलं नाही.