नगारच्याचे पाय

आमच्या घरात राग माझ्या वाट्याला आला आहे आणि विसरभोळेपणा ह्यांच्या. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात आमचे तुकोजीराव ग्वाल्हेरच्या बाड्यावरच्या बाजारातून भाजी घेऊन एकाच पायात चप्पल घालून हजीऱ्यातल्या घरी आले, तेव्हा मला चिडायला आणि मुलाला हसायला आयतंच निमित्त मिळालं. दुसरी चप्पल शेअरच्या टेम्पोत चढताना पडली असावी, असं ते म्हणाले. असावी म्हणजे काय, मी विचारलं, पाय तुमचाच होता ना? त्यावर तेच सगळ्यांत मोठ्याने हसले. पुढे जो कुणी घरी येईल त्याला मी ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली, आणि ह्यांना बळेच लेसवाले बूट घ्यायला लावले.

वय झालं की माणसाला नव्या खोडी लागतात, असं मी धरून चालले होते. रस्त्याने जाताना ह्यांची मान कायम खाली. समोरून कुणी रामराम घातला तरी ह्यांचं लक्ष नसे, मग दोघांच्या वतीने मीच हसायचं. नव्या नवरीसारखे काय चालता, जरा वर बघा, असं मी रोज सुनवायची. लाइट गेली की बसल्या जागेवरून हलायचे नाहीत. जन्मभर वीज मंडळात नोकरी केलेला माणूस अंधारात खुर्ची धरून बसतो, ह्याची मला फार गंमत वाटे.

खरा राग आला तो किल्ल्यावरून. लग्न होऊन मी देवासहून ग्वाल्हेरला आले, तेव्हा ह्यांनी मला सगळ्यांत आधी किल्ल्यावर नेलं, तेही हजीऱ्याच्या बाजूच्या चढाने, पायी. नवी साडी, नव्या चपला आणि तो चढ. मी मान खाली घालून धापा टाकत होते, तेव्हा हे म्हणाले, "वर बघ, बदकं." मानमंदिराच्या भिंतीवर, निळ्या फरशांमध्ये, पिवळी बदकं ओळीने चालली होती. तेव्हापासून दर लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही तो चढ चढतो आणि बदकं बघून येतो. केक नाही, हॉटेल नाही, आमचं साजरं करणं एवढंच. गेल्या फेब्रुवारीत मात्र हे म्हणाले, गुडघा दुखतोय, पुढच्या वर्षी बघू. आणि दुसऱ्याच दिवशी मित्रांबरोबर फूलबागेत फिरायला गेले. मग मीही त्यांच्याशी बोलणं टाकलं.

आमचा मुलगा समरजीत तेव्हा पुण्याची नोकरी सोडून घरी आला होता आणि वरच्या खोलीत बसून व्हिडिओ गेम बनवत होता. उन्नती नावाची त्याची मैत्रीण पुण्यात बसून चित्रं काढते आणि हा इथे बसून ती चालती करतो, एवढं मला समजलं होतं. त्यांचा खेळ म्हणजे जुन्या काळातल्या एका म्हाताऱ्या नगारच्याची गोष्ट. सूर्य मावळायच्या आत किल्ला चढायचा आणि वर जाऊन नगारा वाजवायचा. हा म्हातारा पडद्यावर दिसत नाही, कारण तो आपणच असतो. त्याच्या डोळ्यांना जे दिसेल तेच आपल्याला दिसतं. मला ती कल्पना फार आवडली होती, पण तोंडावर सांगितलं असतं तर पोरगा शेफारला असता.

त्या दोघांचा वाद चालला होता तो म्हाताऱ्याच्या अंगावरून. उन्नतीचं म्हणणं, आपण खाली बघितलं तर त्याचं धोतर दिसायला हवं, पाय दिसायला हवेत. समरजीतच्या मते नगाऱ्याच्या टिपऱ्या उचलताना हात दिसतात तेवढे पुष्कळ झाले. पाय दाखवायचे म्हणजे प्रत्येक पाऊल प्रत्येक पायरीवर नीट पडलं पाहिजे, नाहीतर ते दगडात घुसलेलं दिसतं, आणि त्यात महिने जातात. शिवाय अंग दिसलंच नाही, तर खेळणारा स्वतःला विसरतो आणि त्याला वाटतं की मीच इथे उभा आहे.

"आई, नीचे कोई देखता ही नहीं," तो मला म्हणाला. "चालताना आपले पाय कोण बघतं?"

हे उन्नतीला सिद्ध करून दाखवायला त्याने आम्हा दोघांना धरलं. ज्यांनी जन्मात गेम खेळला नाही अशी माणसं त्याला हवी होती, आणि ती घरात फुकट उपलब्ध होती.

एका रविवारी दुपारी आम्ही वरच्या खोलीत बसलो. पहिली पाळी माझी. मी लोकांच्या खिडक्यांतून आत डोकावले, एका बकरीच्या मागे गेले, भाजीवालीशी भाव करायला थांबले तर ती बोलेचना. किल्ल्याच्या दुसऱ्या दरवाजापर्यंत पोचते न पोचते तोच सूर्य मावळला. पण खाली एकदाही बघितलं नाही. समरजीत खूश झाला. खेळणारा कधी कुठे बघतो ह्याची चित्रफीत कॉम्प्युटर ठेवत होता, आणि ती तो उन्नतीला पाठवणार होता.

मग हे बसले. चष्मा पुसला, हातात ते बटणांचं यंत्र घेतलं, आणि पहिली पायरी आल्याबरोबर खाली बघितलं. खाली नुसता दगड होता. पुन्हा पायरीकडे बघितलं, पुन्हा खाली.

"अरे, ह्याचे पाय कुठायत?"

समरजीतने समजावलं की पाय नाहीतच, बटण दाबा म्हणजे तो आपोआप जातो. हे थोडं पुढे गेले आणि परत थांबले. खंदकावरची फळी आली तिथे तर अडकूनच बसले. कपाळावर घाम आला. मला वाटलं नाटक करतायत. शेवटी त्यांनी ते यंत्र टेबलावर ठेवलं. पाय दिसल्याशिवाय माणूस पाऊल टाकणार कसं, असं काहीसं पुटपुटले आणि भिंतीला धरून जिना उतरून गेले.

समरजीतचा चेहरा पडला. इतके महिने खपून केलेला खेळ वडिलांना आवडला नाही, असंच त्याने घेतलं. त्याचं मन रमावं म्हणून मी म्हटलं, माझी फजिती दाखव बघू. त्याने माझी चित्रफीत लावली. माझी नजर पतंगांवर, कठड्यांवर, लोकांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर भटकत होती. मग त्याने ह्यांची लावली. एक पाऊल, खाली. एक पाऊल, खाली.

"आई, बाबा तर सपाट रस्त्यावर पण खालीच बघतायत," तो म्हणाला. "ऐसे कौन चलता है?"

तुझे बाबा चालतात, असं मी म्हणणार होते. पण तेवढ्यात टेम्पोत पडलेली चप्पल आठवली. लाइट गेल्यावर धरलेली खुर्ची आठवली. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की हे एका हाताने बेसिन घट्ट धरतात, ते आठवलं. आत्ता जिना उतरताना भिंतीवर टेकलेला हात तर डोळ्यांसमोरच होता. मी उठून खाली गेले.

हे व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसले होते, हल्ली घरातही पायात असायचे तेच बूट घालून. मी त्यांच्या पुढ्यात जमिनीवर बसले, त्यांचा डावा बूट आणि मोजा काढला, आणि म्हटलं, डोळे मिटा. हे काय नवीन, असं त्यांनी विचारलं. मी पुन्हा सांगितलं, आणि माझा आवाज ऐकून त्यांनी मुकाट्याने डोळे मिटले. मी त्यांच्या पायाचं एक बोट चिमटीत घट्ट धरलं.

"कुठलं बोट धरलंय, सांगा."

मग हळूच त्यांनी विचारलं, "धरलंस का?"

मी तो पाय उचलून तळवा बघितला. बूट घासून फोड आला होता, तो फुटून खालची कातडी लाल झाली होती. मोज्यालाही डाग पडला होता. हे डोळे उघडून त्या जखमेकडे बघत राहिले, जणू पाय दुसऱ्या कुणाचा होता.

मग सगळं बाहेर आलं. बरेच महिने पायाखाली कापूस पसरल्यासारखं वाटत होतं. पाऊल कुठे पडलं ते डोळ्यांनी बघेपर्यंत कळत नव्हतं. शुगर आहे हे आम्हाला ठाऊक होतंच. पण ह्यांचे थोरले भाऊ कान्होजीदादा अशाच शुगरने, अशीच एक लहानशी जखम घेऊन दवाखान्यात गेले होते, आणि पाय गमावून घरी आले होते.

"दाखवला की कापतात, सुमन," हे म्हणाले. "दिसतंय तोवर चालतोय ना मी?"

मला रडू येत होतं आणि रागही तितकाच येत होता. "दादांचा पाय दाखवल्यामुळे गेला नाही," मी म्हटलं. "उशिरा दाखवल्यामुळे गेला."

समरजीत दारात उभा राहून ऐकत होता. तो तसाच गेला आणि ऑटो घेऊन आला.

डॉक्टरांनी पाय तपासला. शुगरने तळपायाच्या नसा बधिर केल्या होत्या. गेलेली जाणीव पुरती परत येईलच असं नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण जखम वरवरची होती आणि वेळेवर आलात, कापायबिपायचं काही नाही, असंही ते म्हणाले, तेव्हा ह्यांनी त्यांचा हात धरला तो सोडीचनात. अनवाणी चालायचं नाही, मापाचे बूट घालायचे, शुगर ताब्यात ठेवायची आणि रोज तळवे बघायचे. हे शेवटचं काम मी घेतलं. अंघोळ झाली की व्हरांड्यातल्या उजेडात मी ह्यांचे पाय मांडीवर घेऊन बसते. येणारेजाणारे बघतात म्हणून हे लाजतात. मी म्हणते, बघू देत की.

समरजीतने उन्नतीला फोन करून हार मानली. मग त्याने ह्यांना उभं करून, त्यांच्याच डोळ्यांच्या उंचीवरून, त्यांच्या पायांचे फोटो घेतले. निदान नखं तरी कापू दे, असं हे म्हणत होते, पण त्याने कापू दिली नाहीत. खेळ लांबणीवर पडला. पावसाळा उलटल्यावर एक दिवस त्याने पुन्हा ह्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं.

पहिली पायरी आली. ह्यांनी खाली बघितलं. धोतराचा काठ होता, आणि त्याखाली दोन पाय. अंगठ्याचं वाकडं नखसुद्धा तसंच. एक पाय उचलला गेला आणि पायरीवर अलगद टेकला. हे कितीतरी वेळ बघत राहिले.

"हे तर माझेच आहेत," ते म्हणाले.

मग ते चढत गेले. फळी ओलांडली. तिच्यानंतर ह्यांनी खाली बघणं सोडलंच, हे समरजीतने मला खुणेने दाखवलं. पाय आहेत हे एकदा कळलं होतं, तेवढं पुरलं. सूर्य असतानाच ते वर पोचले आणि नगारा असा बडवत सुटले की समरजीतला म्हणावं लागलं, बाबा, बस झालं, खेळ संपला.

खऱ्या पायांना अशी जादू होत नाही. पण जखम भरली होती आणि बूट चांगले होते. डॉक्टरांना विचारून ह्या हिवाळ्यात एका साध्याच सकाळी आम्ही दोघं किल्ल्याचा चढ चढायला लागलो. समरजीत यायला निघाला होता, त्याला मी घरीच बसवलं. हे मान खाली घालून एकेक पाऊल बघून टाकत होते. मी त्यांना म्हटलं, तुम्ही खालीच बघा, वर काय आहे ते मी सांगते. मग मी पोपट सांगितले, भिंतीत उगवलेला पिंपळ सांगितला, फोटो काढून घेणारं एक जोडपं सांगितलं. त्यातली मुलगी लाजत नव्हती, हेही सांगितलं. थोड्या वेळाने मला दम लागला आणि कंटाळाही आला. मी म्हटलं, आली बघा बदकं.

"खोटं," हे मान वर न करता म्हणाले. "बदकं अजून पुढे आहेत."

इतक्या वर्षांत तो चढ त्यांना पाठ झाला होता. पुढे भिंतीखाली आल्यावर ते आपणहून थांबले. मी जवळ जाऊन उभी राहिले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, चांगला भार टाकून, आणि विचारलं, "बघू का?"

"बघा," मी म्हटलं. "पायांकडे मी बघते."