तसबिरीतला व्हरांडा

जजबाईंच्या घराची वाट मारेकऱ्यांना तुम्ही दाखवलीत. मुद्दाम नसेल, पण दाखवलीत तुम्हीच. न्यायाधीशांना सांभाळायचं काम तुमच्या कार्यालयाचं, म्हणून नाव न घेता तुम्हालाच सांगतोय. तो माणूस दारात यायच्या अकरा आठवडे आधी मी लिहून कळवलं होतं, हेही विसरू नका.

मी व्हर्न स्टॅडलर. कोर्टात बोललेला शब्द न शब्द यंत्रावर टिपायचा आणि स्वतः तोंड उघडायचं नाही, ही माझी नोकरी. कॉलेजात गेलो नाही. सव्वीस वर्षं न्यायाधीश मार्लिस ओस्गार्ड यांच्या आसनाखाली बसून जे कानावर पडलं, तेवढंच माझं शिक्षण.

बाईंचे वडील इथेच, मिझुरी नदीच्या काठी, धान्याच्या कोठारावर कामाला होते. बाई आमच्या काउंटीतल्या पहिल्या महिला वकील. कुंपणांची आणि दारुड्यांची भांडणं लढत त्या राज्याच्या कोर्टात न्यायाधीश झाल्या, मग वॉशिंग्टनहून केंद्राच्या कोर्टावर नेमणूक आली. तहहयात. "तहहयात का, ठाऊक आहे?" नव्या नागरिकांना शपथ देताना त्या दर वेळी विचारायच्या. "कुणाला भिऊन निकाल द्यायची वेळ येऊ नये म्हणून."

सत्तरीनंतर काम निम्म्यावर आणलं की आमच्याकडे न्यायाधीशाची तसबीर लावतात. हाताखाली उमेदवारी केलेले वकील मिळून चित्रकार ठरवतात. बाकी सगळे काळ्या झग्यात, मागे पुस्तकं. आमच्या बाई म्हणाल्या, "पुस्तकांचं दुकान नको मला. मी माझ्या व्हरांड्यात बसते." चित्रकार प्रामाणिक निघाला. त्याने सगळं काढलं: निळं दार, नदीचं वळण, पलीकडच्या काठावर वडिलांचं कोठार, खांबावरचे पितळी आकडे, ४१७. समारंभात केक कापला, मीही दोन तुकडे खाल्ले. आणि ज्या तुम्ही बाईंचा पत्ता सरकारी नोंदींतून शोधून शोधून पुसला होता, त्याच तुम्ही त्या तसबिरीचा फोटो कोर्टाच्या संकेतस्थळावर टाकलात. खाली ओळ: 'मागे दिसते ते न्यायाधीशांचे वडील उल्फ यांचे कोठार.'

पुढच्याच महिन्यात चिठ्ठी निघाली. कुठला खटला कुणाकडे, हे आमच्याकडे चिठ्ठीने ठरतं. सरकारी कुरणावर बंदुका घेऊन ठाण मांडलेल्या टोळीचा म्होरक्या बाईंच्या वाट्याला आला.

एका बुधवारी सकाळी बाईंनी मला खोलीत बोलावलं.

"व्हर्न, काल पिझ्झा तू पाठवलास?"

"मी? जजबाई, मी स्वतःच्या वाढदिवसालासुद्धा पिझ्झा मागवत नाही."

त्या हसल्या नाहीत. "तीन आले. तीन वेगळ्या दुकानांतून. मागवणाऱ्याचं नाव, उल्फ ओस्गार्ड."

उल्फ जाऊन तीस वर्षं झाली होती. न मागवलेला पिझ्झा म्हणजे निरोप: घर आम्हाला ठाऊक आहे.

"दार कुणी उघडलं?"

"आयनारने. आणखी कोण?"

आयनार त्यांचा नवरा. चाळीस वर्षं शाळेत बँड शिकवला. आता कोण ओळखीचं आणि कोण नाही, हे त्याला उमगत नाही, म्हणून तो सगळ्यांनाच ओळखीचं धरतो. आत या, बसा, कॉफी घ्या.

दुपारी सँडविच खात मी तसबिरीपुढे उभा राहिलो. वडिलांचं नाव फोटोखालच्या ओळीतून गेलं, आणि पत्ता इथून. ४१७.

फोटो काढा म्हणून त्याच दिवशी तुम्हाला पत्र लिहिलं. उत्तर आलं: 'नोंद घेतली आहे.' मी फोन केला. तुमचा माणूस म्हणाला, "कोर्टात जाता-येता पहारा देतोय ना आम्ही?"

"आणि घरी नवरा एकटा असतो, त्याचं काय?"

"संरक्षण न्यायाधीशाला आहे, काका. कुटुंबाचा अर्ज वेगळा."

तो अर्जही केला. दरम्यान ते पितळी आकडे मी स्वतः उतरवले. पण खांबाचा रंग उन्हाने उडालेला. आकड्यांच्या जागा गडद राहिल्या. रस्त्यावरून वाचता यायच्या.

"आयनारला बहिणीकडे हलवा," मी म्हणालो.

"परक्या घरात तो दार शोधत फिरतो रे. मागे नदीपर्यंत गेला होता."

"मग खटला सोडा."

"आणि पिझ्झा पुढच्या न्यायाधीशाच्या दारात जाऊ दे? असं घाबरवणं चालतंय हे कळलं त्यांना, की संपलंच." बाईंनी पुढची फाईल ओढली.

म्होरक्या दोषी ठरला. शिक्षा सुनावायच्या दिवशी जून नावाची शेजारीण आयनारपाशी होती. पाच मिनिटं ती तळघरात कपडे धुवायला टाकून येते म्हणून गेली. इकडे बाई शिक्षा वाचत होत्या. कारकुनाने स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. माझ्या जागेवरून मलाही दिसलं. कोर्टाच्या ई-मेल पत्त्यावर फोटो आला होता: व्हरांडा, निळं दार, बाईंच्या खुर्चीत आयनार, मांडीवर पिझ्झ्याचा खोका. तसबिरीतलीच बैठक. खाली लिहिलेलं, 'चित्र छान आलंय.'

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा माझी बोटं चुकली.

"लिही, व्हर्न," त्या म्हणाल्या. आणि बारा वर्षांची शिक्षा शेवटच्या शब्दापर्यंत वाचली.

घरी पोचलो तेव्हा आयनार जिवंत होता. तोंडाला चीज लागलेलं.

"मार्लिस, माझा जुना विद्यार्थी येऊन गेला. गुणी पोरगा! म्हणाला, सर, जरा डावीकडे सरका."

"आणखी काय म्हणाला?" बाईंनी विचारलं. आवाज असा, की मी तो कधी टिपलेला नाही.

"पुन्हा येतो म्हणाला. तू घरी असताना."

तुम्ही म्हणालात, कुणाला इजा नाही, पिझ्झा देणं हा गुन्हा नाही. कुटुंबाचा अर्ज विचाराधीन. बाई अजून रोज आसनावर बसतात. दार वाजलं की वाक्य अर्धं सोडतात, मग पुरं करतात. घरी आयनार रोज दुपारी कॉफीचे दोन कप मांडतो. एक त्याचा, एक त्या गुणी पोराचा.

तसबिरीचा फोटो मी आत्ताच पाहिला. अजून तिथेच आहे.

माझ्या पत्रावर 'नोंद घेतली' लिहिणाऱ्याचं नाव सांगा. फोटो कुणाच्या सहीसाठी अडलाय, ते सांगा. त्या दुसऱ्या कपापाशी आधी कोण पोचणार, तुमचा माणूस की त्यांचा? यंत्र सुरू आहे. बोला.