तिरकं नाव

नकाशाखात्यात एक जुना नियम होता. गावात एका जरी घरात माणूस राहत असेल, तर गावाचं नाव ताठ अक्षरांत छापायचं. शेवटचा माणूस निघून गेला की तेच नाव तिरकं करायचं. गाव पुसायचं नाही, नुसतं कलंडवायचं. खात्यात नकाशे आखायच्या नोकरीला लागली तेव्हा तिला हा नियम फार सभ्य वाटला होता. आता त्याच नियमाने तिच्या जिवाला घोर लावला होता.

नकाशाची वाळवंटाच्या कडेची जी शीट या वर्षी सुधारायची होती, तिच्या मधोमध तिचं माहेर होतं. टेबलावर तिने जुन्या आवृत्त्या ओळीने मांडल्या होत्या. सगळ्यात जुन्या, कडा झिजलेल्या शीटवर वाळूचे तपकिरी ठिपके फक्त वरच्या कोपऱ्यात होते, कुणी पेन झटकल्यासारखे. पुढच्या आवृत्तीत ते ओढ्यापर्यंत आलेले. त्याच्या पुढच्या आवृत्तीत ओढाच तुटक रेघेचा झालेला. या नंतरच्या दोन्ही शीट तिच्या बाबांच्या हातच्या. बाबा याच खात्यात आरेखक होते. बारीक निबाने एकेक ठिपका टेकवायचे. आपला ठिपका गोल येतो आणि इतरांचा माशीने घाण केल्यासारखा, असं ते स्वतःच सांगत फिरायचे. आपल्याच गावाकडे सरकणारी वाळू त्यांनी अशी स्वतःच्या हाताने, ठिपक्याठिपक्याने कागदावर आणली होती. आणि निवृत्त झाल्यावर त्याच गावात जाऊन राहिले होते.

यंदा पाहणीच्या कागदावर त्या गावापुढे लिहून आलं होतं : वस्ती एक घर. कुणाचं, हे तिला विचारावं लागलं नाही.

मागच्याच सुट्टीला ती आपल्या लेकीला, छोटीला, घेऊन जाऊन आली होती. डांबरी रस्ता गावाच्या अलीकडेच संपायचा, पुढे छोटीला कडेवर घेऊन चालत जायचं. बाबा नाकाला ओलं फडकं बांधून उंबरठ्यावरची वाळू झाडत होते. झाडून झालं की मागे वळायचे आणि पुन्हा सुरुवातीपासून झाडायचे. छोटीला तो खेळच वाटला. तीही हाताने वाळू लोटायला लागली, तशी तिने लेकीला ओढून घेतलं आणि तिचं तोंड पदराने झाकलं. मग रात्री घरी परत येईपर्यंत छोटीचा श्वास मोजत बसली.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं : या धुळीत आणखी एक उन्हाळा काढला तर बाबांची छाती साथ देणार नाही. नवऱ्याने कुरकुर न करता आतली खोली रिकामी करून खाट टाकली होती. ती बाबांना समजावून थकली होती, रुसून झालं होतं, रडून झालं होतं. नातीला पुढे करून झालं होतं.

"माझ्यासाठी नाही गं," बाबा म्हणाले होते. "गावातली माणसं कुठं कुठं पांगलीत. एखाद्याने कधी नकाशा उघडला तर नाव ताठ दिसू दे. मी उठलो की कलंडलंच ते."

"आणि तुमची छाती?"

"ती नकाशात दाखवत नाहीत," असं म्हणून ते हसले, आणि हसण्याचा खोकला झाला. तो थांबेपर्यंत ती पाण्याचा तांब्या धरून उभी राहिली.

परत येताना तिच्या डोक्यात एक गोष्ट शिरली ती शिरलीच. पाण्याचा टँकर नकाशावर ताठ नाव असलेल्या गावालाच जायचा. नाव तिरकं झालं की टँकर बंद. टँकर बंद झाला की बाबा चिडतील, आदळआपट करतील, पण येतील. आणि नाही आले तर? छोटीचं अंगावरचं दूध तोडताना जसं मन घट्ट केलं होतं, तसं घट्ट करून तिने तो विचार मागे ढकलला आणि गावाचं नाव तिरकं केलं.

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला सगळे भिंग म्हणायचे, कारण डोळ्याला भिंग लावल्याशिवाय तो जेवणाचा डबाही उघडत नसे. त्याने शीटवर भिंग फिरवलं, त्या नावावर जरा थांबला आणि विचारलं, एक घर होतं ना इथे. आता नाही, असं ती म्हणाली. त्याने भिंग खाली ठेवलं आणि आपली शीट पुढे ओढली.

छपाईआधी कच्ची प्रत जागेवर पडताळायला जायची. तिथला सर्व्हेअर डांबरी रस्ता संपतो तिथेच गाडी उभी करतो, काचेतून गाव बघतो आणि सही ठोकतो, हे सगळ्या खात्याला ठाऊक होतं. त्याच्या या आळसावरच तिची सगळी भिस्त होती.

पण तो गेला तो दिवस नेमका टँकरचा निघाला. रस्त्याच्या टोकाला बाबा कॅन घेऊन उभे होते. खात्याचा जुना माणूस म्हणून सर्व्हेअरने त्यांना गाडीत बसवलं, आणि दाखवायचं म्हणून कच्ची प्रत त्यांच्या मांडीवर पसरली.

ती प्रत घेऊन साहेब स्वतः तिच्या टेबलाशी आले. तिरक्या नावाखाली लाल पेन्सिलीची रेघ होती आणि समासात एक उभी, सरळ काठी. अक्षरं ताठ करा, अशी जुन्या आरेखकांची खूण. तो हात तिने लांबूनच ओळखला. पण लाल एवढंच नव्हतं. तिने वाळूची कड गावाच्या वेशीशी थांबवली होती. बाबांनी ती पुढे आणली होती. गोठ्यावरून, अंगणातून, थेट आपल्या घराच्या भिंतीपर्यंत. सगळे ठिपके गोल.

"सर्व्हेअरला म्हणाले म्हणे, कुणी नवीन पोर असेल, रागावू नका," साहेब हलक्या आवाजात म्हणाले. त्यांनाही सगळं समजलं होतं. "छपाईला आजच जायचीय."

"साहेब, त्यांची छाती..." एवढंच तिच्या तोंडून निघालं.

साहेबांनी लाल रेघेवर बोट ठेवलं. "घरात माणूस आहे गं," ते म्हणाले. "मी तरी काय करू?"

ते गेल्यावर तिने नाव ताठ केलं. त्याला काहीच वेळ लागला नाही. मग वाळूची कड बाबांनी दाखवली तिथवर ओढून आणली. आता ठिपके हाताने काढावे लागत नाहीत, कड दिली की संगणकच आपले आपण पेरतो. त्याने पेरले. त्यातला एक नेमका घराच्या काळ्या चौकोनावर पडला. घरावर ठिपका म्हणजे घर गेलं, असं नकाशा वाचणारे वाचतात. तिने तो निवडून उचलला आणि शीट पुन्हा आखायला सोडली.

भिंग आपल्या जागेवरून बघत होता. पडद्यावर ठिपके वरच्या कोपऱ्यापासून पुन्हा भरत आले, ओढ्यावरून, गोठ्यावरून, अंगणातून, आणि शेवटचा पुन्हा घरावर येऊन बसला.

तिने तो पुन्हा उचलला.